गाळ शांततेची वाट पाहत नाही

अस्मानी आणि सुलतानी असा संकटांचा भेद आपल्या पूर्वजांनी केला. अवर्षण, महापूर, भूकंप हे अस्मानी. जुलूम, लूट, अराजक हे सुलतानी. समजुतीसाठी हा भेद ठीक आहे. परंतु जो प्रदेश दीर्घकाळ संघर्षाने ग्रासलेला असतो, तेथे या दोन्ही संकटांची सरमिसळ होते. पाऊस आकाशातून पडतो खरा. पण तो वाहून नेणारी नदी गाळाने भरली असेल, तिचे काठ अतिक्रमणांनी गिळले असतील आणि धोक्याचा इशारा देणारा अहवाल फायलीत पडून असेल, तर होणाऱ्या मृत्यूंना अस्मानी कसे म्हणायचे? काश्मीर खोऱ्याचा गेल्या काही दशकांचा अनुभव हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

सप्टेंबर २०१४ च्या पहिल्या आठवड्यात खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि ७ सप्टेंबरला श्रीनगर पाण्याखाली गेले. सचिवालय, उच्च न्यायालय, मोठी रुग्णालये, इतकेच नव्हे तर बदामी बागची लष्करी छावणीही जलमय झाली. दूरध्वनी मुके झाले. पहिल्या काही तासांत आपल्या हाती सरकारच उरले नव्हते, असे त्या वेळी मुख्यमंत्रिपदी असलेल्या उमर अब्दुल्ला यांनीच सांगितले. अशा वेळी लष्कराने 'ऑपरेशन मेघ राहत' हाती घेतले. लष्कर, हवाई दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी मिळून दोन लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलवले. स्वतःच्या छावणीत पाणी शिरलेले असताना जवान इतरांसाठी धावले, याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र त्या कौतुकाच्या गजरात एक प्रश्न बुडाला. इतक्या माणसांना नावांतून आणि हेलिकॉप्टरमधून बाहेर काढण्याची वेळच का यावी?

वितस्ता, म्हणजे आजची झेलम, खोऱ्याच्या सपाट तळातून संथपणे वाहते, वुलर सरोवरात शिरते आणि बारामुल्लाच्या अरुंद खिंडीतून बाहेर पडते. खोऱ्यातल्या पाण्याला दुसरी वाट नाही. म्हणूनच १९०३ च्या महापुरानंतर श्रीनगरला वळसा घालून जादा पाणी नेणारा कालवा खोदण्यात आला. पुढे गाळ उपसणारी यंत्रे आली. त्यांचे काम १९८६ मध्ये थांबले. त्यानंतर काही वर्षांतच दहशतवादाचा वणवा पेटला आणि नदीचा तळ हा कोणाच्याच अग्रक्रमाचा विषय उरला नाही. वुलरचे क्षेत्र १९११ मध्ये सुमारे १५७ चौरस किलोमीटर होते, ते २००७ पर्यंत सुमारे ८६ वर आले. पूर पोटात घेणारे सरोवरच जवळपास निम्मे झाले, तर पाणी जाणार कोठे?

धोका कोणाला ठाऊकच नव्हता, असे नाही. पाच वर्षांत मोठा पूर येऊन श्रीनगर बुडू शकते, असा इशारा राज्याच्या पूरनियंत्रण खात्याने २०१० मध्येच दिला होता आणि सुमारे २,२०० कोटी रुपयांचा आराखडा केंद्राकडे पाठवला होता. परंतु तो २०१० चा उन्हाळा होता. श्रीनगरच्या रस्त्यांवर दगडफेक होती, संचारबंदी होती, रोज नवे बळी होते. गाळाची बातमी कोण छापणार आणि कालव्याची फाइल कोण उघडणार? संघर्षग्रस्त प्रदेशाचे खरे दुखणे हेच आहे. तेथे आजच्या रात्रीची चिंता उद्याच्या धोक्याला गिळून टाकते.

नदीचे जे झाले तेच घरांचे. ८ ऑक्टोबर २००५ च्या सकाळी मुझफ्फराबादजवळ केंद्र असलेल्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजू हादरल्या. पाकव्याप्त काश्मीर आणि त्याला लागून असलेल्या पाकिस्तानी प्रदेशात ७३ हजारांहून अधिक माणसे मेली. आपल्या बाजूस उरी, तंगधार भागात सुमारे १,३०० बळी गेले. पलीकडे शाळा भरल्या होत्या, त्यांच्या ढिगाऱ्यांखाली हजारो मुले दडपली गेली. उरी-तंगधारची बरीच घरे ओबडधोबड दगड आणि मातीच्या जुडाईची होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत अशाच भिंतींनी झोपेतली माणसे गाडली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. याउलट लाकडी चौकटींत विटा-माती भरून उभारलेली 'धज्जी देवारी' पद्धतीची जुनी काश्मिरी घरे त्या भूकंपात पुष्कळ बरी टिकली. धज्जी देवारी म्हणजे ठिगळांची भिंत, आपल्या गोधडीसारखीच. हे ज्ञान त्याच भूमीत, त्याच गवंड्या-सुतारांच्या हातांत होते. पण जेथे तोफगोळ्यांची भीती नित्याची, तेथे भिंत कशी बांधावी हे सांगायला अभियंता कधी पोहोचणार?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते : आधी शांतता नांदू द्या, मग ही कामे आपोआप होतील. हे उत्तर सोयीचे आहे आणि म्हणूनच घातक आहे. २००४ च्या त्सुनामीने इंडोनेशियातील आचे आणि श्रीलंका या दोन्ही युद्धग्रस्त भूमींना तडाखा दिला. आचेमध्ये ऑगस्ट २००५ मध्ये शांतता करार झाला. श्रीलंकेत मात्र सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातील मदतवाटपाची संयुक्त योजना न्यायालयात अडकली आणि युद्ध २००९ पर्यंत चालले. लाट एकच, परिणाम भिन्न. शांतता कधी येईल हे कोणाच्या हाती नसते. पाऊस मात्र दरवर्षी येतो.

या बाबतीत आपल्याला बाहेर पाहण्याची गरजही नाही. बाराव्या शतकात कल्हणाने 'राजतरंगिणी'त नोंदवून ठेवले आहे की, ललितादित्याच्या काळात खोऱ्यातील पाण्याचा काही निचरा झाला होता. परंतु पुढे दुर्बळ राजांच्या काळात भूमी पुन्हा पुरांच्या तावडीत सापडली. नवव्या शतकात अवंतिवर्मा गादीवर आला, तो राजघराण्यातील दीर्घ कलहानंतर. त्याच्या पदरी सुय्य नावाचा कुळशील अज्ञात असलेला, पण विलक्षण बुद्धीचा पुरुष होता. दरडींच्या दगडांनी वितस्ता जेथे तुंबली होती, तेथे त्याने मूठमूठ नाणी पाण्यात फेकली. लोकांनी त्याला वेडा ठरवले. दुष्काळाने गांजलेले गावकरी मात्र नाण्यांसाठी पाण्यात उतरले, दगड उपसू लागले आणि नदी मोकळी झाली. मग त्याने बंधारे घातले, पात्र साफ केले. तांदळाच्या खंडीचा भाव दोनशे दीनारांवरून छत्तीसवर आला, असे कल्हण सांगतो. सोपोर हे गाव आजही सुय्याचे नाव चालवते.

सुय्याने लोकांना उपदेश केला नाही, रोजगार दिला. आजही तोच मार्ग आहे. गाळ उपसणे, पुराच्या कालव्याची निगा आणि वुलरचे पुनरुज्जीवन यांसाठीचा निधी बंद, संचारबंदी वा निवडणूक यांमुळे खंडित होता कामा नये आणि त्या कामावर स्थानिक हातच हवेत. सीमेवरच्या प्रत्येक गावात शाळा आणि दवाखाना आधी भूकंपरोधक व्हावा. गवंड्यांना प्रशिक्षण द्यावे. पाण्याच्या पातळीची माहिती तर वैरापलीकडचीच मानावी. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवी नदीच्या पुराची सूचना आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला दिली. करार थांबला, माणुसकी थांबली नाही. जी तत्परता आपण सीमेपलीकडच्या जिवांसाठी दाखवली, ती श्रीनगरच्या सखल वस्त्यांसाठी पूर येण्यापूर्वी दाखवायला नको काय?

सप्टेंबर २०२५ च्या आरंभी झेलमने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. जवान पुढच्या वेळीही नावा घेऊन धावतील, याविषयी कोणाला शंका नाही. परंतु राज्यकर्त्यांनी आपल्या आळसाचा भार दर वेळी जवानांच्या खांद्यावर टाकावा, हा त्यांच्या शौर्याचा सन्मान नव्हे. त्यांना नाव काढावीच लागणार नाही, अशी नदी राखणे हा खरा सन्मान होय.