सणापुरतं उसनं हसू

‘लव्ह ॲक्च्युअली’ हा २००३ सालचा नाताळावरचा इंग्रजी विनोदी चित्रपट. लंडनमधली बरीच कुटुंबं, त्यांची प्रेमं, त्यांच्या गमतीजमती. पण मनात राहते ती एमा थॉम्प्सनने रंगवलेली कॅरेन. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला हार दिसतो. आपल्यासाठीच असणार, म्हणून ती हरखते. भेट उघडते तर गाण्यांची सीडी! हार दुसरीलाच गेलेला. ती खोलीत जाऊन एकटीच रडते, डोळे पुसते, चादर सारखी करते आणि मुलांना घेऊन शाळेच्या कार्यक्रमाला निघते.

ही बाई परकी वाटते का हो? ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आलेले पाहुणे पंगतीला बसलेले असताना डोळ्यांतलं पाणी मागे सारून वाढणाऱ्या कितीजणी असतील! सणात विघ्न नको, म्हणून बाईनंच गिळायचं.

आपल्या जुन्या बायका शहाण्या होत्या. मंगळागौरीच्या जागरणात सासू-सुनेची भांडणंसुद्धा त्यांनी खेळातून, हसत-हसत मांडली. केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’मधल्या सहा बहिणी याच खेळांसाठी एकत्र येतात. २०२३ मध्ये बायका नटूनथटून, घोळक्यानं तो बघायला गेल्या, त्या काय नुसत्या करमणुकीसाठी?

तेव्हा येत्या सणाला पुरण घरातल्या पुरुषांना वाटू द्या. तेवढ्या वेळात बहिणीजवळ, जावेजवळ बसा, मनातलं बोला. सण आपलाही आहे की!