यंत्रमानवाचे घोडे हातापाशी अडले

टेस्ला कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर एक कबुली दिली. ‘ऑप्टिमस’ या मानवसदृश यंत्रमानवाच्या बांधणीतील अडचणींचा मोठा वाटा एकट्या हाताचा, म्हणजे पंजा आणि कोपरापुढील भागाचा आहे, असे त्यांनी सांगितले. चालणे, धावणे आता नवलाचे राहिलेले नाही. बोस्टन डायनॅमिक्सच्या ‘ॲटलास’ने तर २०१७ मध्येच मागे कोलांटउडी मारून दाखविली होती. मात्र सदऱ्याची गुंडी लावणे किंवा खिशातल्या नाण्यांतून नेमके रुपयाचे नाणे काढणे ही कामे यंत्राला अद्याप दुष्कर आहेत. बालकाला सहज जमते तेच यंत्राला अवघड जाते, हे हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्ये नोंदविलेले निरीक्षण हाताच्या बाबतीत आजही तंतोतंत खरे ठरते.

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात. बोटे वाकविणारे बलवान स्नायू बोटांत नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. मनगटातून जाणाऱ्या दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी ते बोटे ओढतात. त्यामुळे पंजा हलका राहूनही पकडीला जोर येतो. अभियंत्यांची कोंडी नेमकी येथेच होते. मोटरी पंज्यात बसवाव्यात तर जागा अपुरी पडते, वजन वाढते आणि उष्णता कोंडते. त्या कोपराकडे सरकवाव्यात तर मधल्या तारा ताणल्या जातात, घासतात आणि कालांतराने तुटतात. टेस्लाने २०२२ मध्ये दाखविलेल्या हाताला हालचालीच्या ११ दिशा होत्या. २०२४ मध्ये त्या २२ झाल्या, आणि त्यासाठी मोटरी कोपराकडे न्याव्या लागल्या. हा मार्ग नवा नव्हे. अमेरिकेतील युटा विद्यापीठ व एमआयटी यांनी १९८० च्या दशकातच चार बोटांचा, ३२ स्नायुबंधांचा हात तयार केला होता. चार दशके लोटली तरी तारांचा प्रश्न तसाच उभा आहे!

यंत्ररचना साधली तरी स्पर्शाचा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक बिकट आहे. तळहाताच्या त्वचेत सुमारे १७ हजार सूक्ष्म स्पर्शग्राहक असतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ रोलंड योहान्सन यांच्या प्रयोगात बोटांची टोके बधिर केल्यानंतर काडेपेटीतील काडी ओढण्यासारखे क्षुल्लक कामही कमालीचे कष्टाचे झाले. डोळे शाबूत होते, स्नायू शाबूत होते; हरपला होता तो केवळ स्पर्श. ओपनएआयने २०१९ मध्ये एका यांत्रिक हाताकडून रुबिकचा ठोकळा सोडवून घेतला तेव्हा मोठा गवगवा झाला. परंतु सर्वाधिक विस्कटलेला ठोकळा पाचांपैकी एकाच प्रयत्नात सुटत होता, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग पाच बोटांचाच अट्टहास कशासाठी? गोदामातील खोके उचलण्यास हवेच्या दाबाने चिकटणारी वाटी पुरते. या अट्टहासात काही अंशी बाजाराला भुलविण्याची हौस आहे, हे नाकारता येणार नाही. तरीही त्याला एक व्यावहारिक कारण आहे. हात माणसासारखा असेल तर माणसांच्या कामाची चित्रफीत यंत्राला थेट शिकवणीसाठी वापरता येईल, असा कंपन्यांचा होरा आहे. एमआयटीचे माजी प्राध्यापक व आयरोबोट कंपनीचे सहसंस्थापक रॉडनी ब्रुक्स यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नेमका त्यावरच आक्षेप घेतला. चित्रफितीत बोटांची हालचाल दिसते, बोटांना जाणवलेला दाब दिसत नाही. सबब अशा शिकवणीतून हस्तकौशल्य येणार नाही, हे त्यांचे म्हणणे वजनदार आहे. त्यातच चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. बोटाएवढ्या मोटरीतून पुरेसा जोर काढायचा तर ही चुंबके लागतातच, आणि ऑप्टिमसला त्याची झळ बसल्याचे मस्क यांनी तेव्हाच सांगितले होते.

गुंतवणुकीचा ओघ या आक्षेपांनी थांबलेला नाही, आणि भारताचा संबंध येथेच येतो. टॉवेल व गृहोपयोगी कापडाच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील करूर शहरात तरुण कामगार कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, असे वृत्त २०२५ च्या अखेरीस अमेरिकी वृत्तपत्रात आले. या घड्या ग्राहकासाठी नसतात. त्या चित्रफिती यंत्रमानवांच्या शिकवणीसाठी परदेशी रवाना होतात. घडी चुकली वा हात चौकटीबाहेर गेला तर ती चित्रफीत बाद होते. पाश्चात्त्य कारखान्यांतील मजूर वाचविण्याच्या या उद्योगाला आजमितीस मजुराचाच हात लागतो, आणि तो स्वस्त असावा लागतो. ब्रुक्स यांचे म्हणणे खरे ठरले तर या श्रमातून कंपन्यांच्या हाती फार काही लागणार नाही. ते खोटे ठरले तर कापडाच्या घड्या घालण्याचे काम यंत्राकडे जाईल, आणि करूरमध्ये आज हजारो हात याच उद्योगावर जगतात.