दार अडतंय? रंधा सगळ्यात शेवटी

मृगाच्या सरी सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत घरातले एखादे दार अडू लागते. बहुधा ते न्हाणीघराचेच असते. खांद्याने ढकलायचे, लाथेने उघडायचे, असे करत आपण श्रावण काढतो. पण पहाटे वुजूसाठी उठलेल्या दादीने आतून कडी लावली आणि दार तिच्या ताकदीने उघडलेच नाही, तर? म्हणून भगिनींनो, हे काम पुढे ढकलू नका. दार नीट होईपर्यंत घरातल्या बुजुर्गांना आणि मुलांना आतून कडी लावू देऊ नका.

मात्र घाईने रंधाही मारू नका. काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि आडवे, म्हणजे रुंदीत फुगते. उभ्या लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे पावसात दार कडेला अडते. खाली लादीला घासत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते: सैल झालेली बिजागरी किंवा जुन्या लादीवर बसवलेली नवी टाइल.

आधी जागा शोधा. चौकट आणि दार यांच्यामध्ये कार्बन पेपर धरा, शाईची बाजू दाराकडे ठेवा आणि दार लावा. जिथे अडते तिथे खूण उमटते. मग दार अर्धे उघडून कडीच्या बाजूने वर उचलून पाहा. हलले, तर वरची बिजागरी सैल आहे. दाराखाली पाचर देऊन एक एक स्क्रू काढा. गूळ काढलेल्या माचिसच्या लाकडी काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग कापा आणि स्क्रू परत पिळा. पुष्कळदा दार एवढ्यानेच जागेवर येते. किंचित घासत असेल, तर त्या जागी मेणबत्ती चोळा.

तरीही अडले, तरच रंधा. पेन्सिलीने रेघ आखा आणि रेघेच्या आतच थांबा. एकदोन हात मारले की दार लावून पाहा. पावसाळ्यात 2 मिलिमीटर फट पुरे, कारण लाकूड सुकले की ती आपोआप वाढते. श्रावणात ऐसपैस केलेले दार हिवाळ्यात खडखडते. वरची कड छिलताना रंधा दोन्ही टोकांकडून मध्याकडे चालवा. सरळ बाहेर काढला तर टोकाचे लाकूड चिरते. कुलूप बसवलेल्या बाजूने जास्त काढायचे असेल, तर बिजागरीच्या बाजूने काढणे बरे. कुलपापेक्षा बिजागरीची खाच खोल करणे सोपे जाते.

नव्या टाइलमुळे दार खालून कापायचे असेल, तर ते उतरवून आडवे ठेवा. रेघेवर चिकटपट्टी लावा, पट्टी धरून धारदार सुरीने रेघ कोरा आणि मग करवत चालवा. प्लायचे टवके निघत नाहीत. बऱ्याच फ्लश दारांना भरीव लाकूड फक्त कडेने असते. 5-6 मिलिमीटरपेक्षा जास्त काढायचे असेल, तर सुताराला बोलवा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतले शिसे दहा लाखांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेले दार कोरडे घासू नका. पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने घासा, तोंडाला मास्क लावा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले जवळ नकोत. भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्याच खोलीत बाळ रांगते.

शेवटचे काम सगळ्यात महत्त्वाचे, आणि तेच राहून जाते. छिललेली कड उघडी ठेवली, तर पुढच्या पावसात दार पुन्हा फुगणार. दाराची वरची आणि खालची कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रंगारीही ती सोडून देतात; पाणी मात्र तिथूनच शिरते. ओल्या लाकडावर रंग धरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दार सुकले की प्रायमर आणि रंगाचे दोन हात सगळ्या कडांना द्या. खालची कड दिसत नसली, तर जमिनीवर आरसा ठेवून पाहा.

सुताराला बोलावले, तरी निघण्यापूर्वी एवढेच विचारा: खालची कड रंगवली का?