दाराशी डोंगर, हरवलेली पायवाट

दिवाळीची सुटी तोंडावर आली की नांदेड-लातूरच्या शाळांत, कचेऱ्यांत आणि वसतिगृहांत सहलीची बोलणी सुरू होतात. नावे बहुधा ठरलेली असतात. महाबळेश्वर, गणपतीपुळे, फार तर वेरूळ-अजिंठा. हात थोडा सैल असेल तर उटी किंवा मनाली. डोंगर पाहावयाचा म्हणजे आठ-दहा तासांचा प्रवास करून पश्चिमेकडे जावयाचे, अशी एक समजूत मराठवाड्याच्या मध्यमवर्गात घट्ट बसली आहे. माहूरचा अपवाद सांगितला जाईल. परंतु माहूरला माणसे जातात ती देवीच्या दर्शनाला. मोटार पायथ्याशी लावून पायऱ्या चढावयाच्या, ओटी भरावयाची आणि संध्याकाळच्या आत परतावयाचे. ज्या डोंगरावर आपण उभे आहोत तो डोंगर पाहणे या कार्यक्रमात बसत नाही.

वस्तुतः हा प्रदेश डोंगरांना पारखा नाही. हरिश्चंद्रगडापासून निघालेली बालाघाटाची रांग अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव ओलांडून लातूरपर्यंत येते आणि पुढे कंधार, मुखेडच्या माळांत हळूहळू विरते. उत्तरेला किनवट-माहूरकडे सातमाळ्याच्या टेकड्या सागवानाचे पांघरूण घेऊन पैनगंगेच्या वळणापाशी उभ्या आहेत. या डोंगरांना सह्यकड्याचा दरारा नाही, हे खरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचे हे सपाट माथ्याचे डोंगर. पायरी-पायरीने चढणारे, पाहणाऱ्याला दिपवून न टाकणारे. पण आठवडाभराच्या रजेवर दम न छाटता चालावयाचे, दुपारी एखाद्या गावात टेकावयाचे आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पोहोचावयाचे, यासाठी याहून सोयीची भूमी शोधून सापडावयाची नाही. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तर हा माळ ओळखू येत नाही, इतका तो हिरवा आणि नंतर सोनेरी होतो.

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट घ्या. हत्तीच्या पाठीसारख्या शिळा, कोरलेल्या गुहा आणि निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, असे तिन्ही एका टेकडीवर आहे. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस शाळाशाळांतून दरवर्षी साजरा होतो, भाषणेही होतात. त्या लढ्याची एक जागा प्रत्यक्ष चढून पाहिलेली मुले किती असतील, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरा नक्षत्रात आसपासची माणसे तेथे जातात आणि झाडपाला चघळतात. त्या पाल्याने किती व्याधी बऱ्या होतात हे वैद्यांनी ठरवावे. परंतु ज्या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे, त्या जिल्ह्यातील एका टेकडीवरची झुडपे श्रद्धेच्या कुंपणामुळे टिकली, ही गोष्ट वनखात्याने विसरू नये. औसा तालुक्यातील खरोसा येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. वेरूळचा काळा कातळ छिन्नीला प्रामाणिक राहिला. जांभा मऊ, सच्छिद्र, पावसाने झिजणारा. खरोशाच्या देवतांचे चेहरे म्हणून पुसट झाले आहेत. तरीही ती शिल्पे पाहताना कारागिरांनी मिळाला तो दगड कसा वापरला, हे वेरूळपेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे चालुक्यांच्या काळातील आहेत. त्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची आपली सवय मात्र सुटत नाही. हेमाद्री जन्मण्यापूर्वीची देवळेही आपण त्याच्याच नावावर चढवून मोकळे होतो.

आता या ठिकाणांना जोडणारे काय आहे? डांबरी रस्ता आहे आणि त्यावर धावणारी एस. टी. आहे. पूर्वी गाडीवाटा होत्या, पाणंदी होत्या, बाजाराच्या गावाला जाणाऱ्या पायवाटा होत्या. त्यांतील पुष्कळ वाटा बांध सरकता सरकता शेतात गडप झाल्या. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर डेल्स नावाचा चुनखडीच्या डोंगरांचा मुलूख आहे. तेथील उंची बालाघाटाहून फार निराळी नाही, हवा मात्र आपल्याकडील बऱ्याच जणांना सोसवणार नाही अशी. १९५४ साली तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. परंतु माणसे हलविली गेली नाहीत. मेंढपाळ, शेतकरी, दगडी गडग्यांची कुरणे आणि जुनी गावे त्या उद्यानातच राहिली. तेथे लोक लाखोंनी चालावयास येतात, ते कोणी भव्य प्रवेशद्वार बांधले म्हणून नव्हे. १९४९ च्या कायद्याने परगण्या-परगण्यांतील सार्वजनिक पायवाटांची नोंद करून त्या नकाशावर आणल्या आणि शेतातून गेलेल्या वाटेवरून चालण्याचा हक्क निश्चित केला, म्हणून येतात.

असा कायदा आपल्याकडे नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. पाणंदी गावनकाशात दाखविलेल्या असतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम यांनी अडविलेली वाट मोकळी करण्याचे व शेताला वाट देण्याचे अधिकार तहसीलदाराला दिले आहेत. शेतरस्त्यांच्या सरकारी योजनाही आहेत. पण या वाटांकडे पाहण्याची दृष्टी ट्रॅक्टर जाण्यापुरती आहे. पाणंद म्हणजे गावाचा वारसा आहे, ती वडाच्या पारापासून बारवेपर्यंत आणि बारवेपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत जाते, हा विचार कोणत्याही आराखड्यात आढळत नाही. पर्यटनविकासाचा आराखडा म्हटला की कमान, वाहनतळ, सिमेंटच्या पायऱ्या, रंगीत फरशी आणि कठड्यावर बसविलेले छायाचित्राचे ठिकाण, एवढ्यावर तो थांबतो. त्याला सुशोभीकरण म्हणतात.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. नांदेड-लातूरचा डोंगर चुनखडीचा नाही, पण येथील काळ्या मातीत चुनखडीचे खडे जागोजागी सापडतात. तेच वेचून भट्टीत भाजले जात, विरवले जात आणि बैलाच्या घाण्यात मळून त्यांचा चुना होत असे. त्यात गूळ, बेलफळाचा गर अशी द्रव्ये पडत. कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांच्या भिंती व गावोगावच्या वाड्यांचे चिरे अशा चुन्याने सांधलेले आहेत. हा चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पैनगंगेच्या खालच्या अंगाला वणी-मुकुटबनच्या परिसरात खऱ्याखुऱ्या चुनखडीचे थर आहेत आणि ते सिमेंटसाठी खणले जातात. आपल्याच नदीच्या खोऱ्यातील चुनखडी कारखान्यातून फिरून गोणीत भरून येते आणि आपल्याच जुन्या भिंतींचे आयुष्य कमी करते, असा हा उफराटा व्यवहार आहे. घाणा चालविणारा गवंडी आता जवळजवळ उरला नाही; जे थोडे म्हातारे उरले आहेत, त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेण्यास तंत्रनिकेतनांना हरकत नसावी.

परंतु गावाचा वारसा जपण्याच्या या बोलण्याला लातूर जिल्ह्यात एक मोठी अडचण आहे आणि तिला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या काही तासांतच, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसे गेली. ती बहुतेक आपल्याच घरांखाली गेली. रुंद दगडी भिंती, मध्ये मातीचा भराव, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर मातीचे धाबे. उन्हाळ्यात ज्या घराने पिढ्यान्पिढ्या सावली दिली, त्याच घराने झोपेत घात केला. बावन्न गावे मूळ जागेवरून उठून नव्या जागी वसली. सरळ रस्ते, एका मापाची घरे, क्रमांक घातलेल्या गल्ल्या. जुनी पांढरी ओस पडली. ज्या घरातील पाच-सहा माणसे दगडाखाली गेली, त्या घरातील उरलेल्या माणसाला परक्याने येऊन दगडी घराचे सौंदर्य समजावून सांगणे हा निर्दयपणा ठरेल.

तेव्हा वारसा म्हणजे नक्की काय जपावयाचे, हे येथे अन्य प्रांतांपेक्षा अधिक काळजीने ठरवावे लागते. पर्यटकाला चित्रासारखे दिसावे म्हणून कोणालाही धोक्याच्या छपराखाली ठेवता कामा नये. मात्र भूकंपाने दगडाला दोषी ठरविले, हा निष्कर्षही अर्धवट आहे. दोष भिंतीच्या दोन अंगांना सांधणारे लांब दगड न घालण्यात होता, कोपरे न बांधण्यात होता, धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचा थर चढवीत जाण्यात होता. हे त्या वेळी अभियंत्यांनी सांगितले, उभ्या घरांची मजबुती कशी करावी याची प्रात्यक्षिकेही झाली. तरीही भीतीने आपले काम केले होते. भूकंपाची झळ न लागलेल्या दूरच्या गावांतही चांगले चौसोपी वाडे पाडले गेले, नक्षीदार चौकटी भंगारवाल्याच्या गाडीत गेल्या आणि त्या जागी पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी होणारी घरे आली. छप्पर हलके करून, भिंती आडव्या पट्ट्यांनी बांधून यांतील कितीतरी वाडे सुरक्षित करता आले असते. आजही करता येतील. गावात मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याचे पैसे त्याच कामी लागले, तर पर्यटनाला येथे काही अर्थ राहील.

पैसे कोणाच्या हाती जातात, हाच खरा कळीचा मुद्दा आहे. माहूरला लिफ्ट आणि आकाशमार्गाच्या योजना पुढे आल्या. वृद्ध आणि अपंग भाविकांचा विचार करता त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण दर्शन जितके झटपट, तितका यात्रेकरूचा मुक्काम आखूड. गडाच्या मागील डोंगरांत, किनवट तालुक्यात, गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या आहेत. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, इस्लापूरकडे सहस्रकुंडचा धबधबा आहे. तेथे दोन दिवस वाटाड्या घेऊन चालणारा माणूस ज्वारीची भाकरी खाईल, मोहाच्या झाडाखाली बसेल आणि चार घरांना थोडी मिळकत देऊन जाईल. एका तासात परतणारा यात्रेकरू वाहनतळाच्या ठेकेदाराला देऊन जातो.

अर्थात येथेही मर्यादा पाळावी लागेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूर शहर जगविले गेले, हे विसरता येण्यासारखे नाही. ज्या मुलखात मार्चनंतर आडाचा तळ दिसतो, तेथे पोहण्याचे तलाव असलेली विश्रामस्थाने बांधणे म्हणजे यजमानाच्या माठातील शेवटचा तांब्या उपसणे होय. पाहुण्यांनी यावे ते पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्यात. राहावे ते गावच्या शाळेत, मंदिराच्या ओवरीत किंवा घराच्या पडवीत, गावाने ठरविलेले मोल देऊन.

सुरुवात कोणी करावयाची? पर्यटन महामंडळाकडे बोट दाखविणे सोपे आहे. त्याआधी शाळांना करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशाची प्रत मागून घ्यावी, आठवी-नववीच्या मुलांनी ती हाती धरून आपल्याच गावचे शिवार पालथे घालावे. कोणती पाणंद कोठे बंद झाली, कोणती बारव गाळाने भरली, कोणत्या गढीची पांढरी माती वाहून नेली जात आहे, याची यादी एका हिवाळ्यात तयार होईल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी आणि बंद वाटांचे अर्ज त्याच आठवड्यात तहसील कचेरीत द्यावेत.