तेल कोण घालते?

आज आषाढ अमावास्या, दिव्याची अवस. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा दिवस दोन तऱ्हांनी येतो. नेरळपासून खोपोलीपर्यंतची फार्महाउसे भरून जातात आणि धबधब्यांच्या वाटांवर पोलिस उभे असतात. श्रावण लागण्याआधी कुणी पोटभर खाल्ले-प्यायले, तर त्याला आमची हरकत नाही. पण याच दिवशी कडाव, कोंडिवडे, चौक, वावोशी अशा गावांतून समया, निरांजने, लामणदिवे, माळ्यावरचा काजळलेला कंदीलसुद्धा खाली उतरतो. चिंच आणि राख लावून सगळे घासले जातात, रांगोळी काढून पाटावर मांडले जातात. नैवेद्याला गूळ घातलेले कणकेचे उकडलेले दिवे, वर तुपाची धार. या दुसऱ्या अवसेची बातमी होत नाही, म्हणून तिच्याविषयी लिहायचे.

चातुर्मासाच्या कहाण्यांत दिव्याच्या अवसेची एक कहाणी आहे. राजाची सून घरातले काही खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड उगवतात, तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात आणि अब्रू गेलेल्या सुनेला घराबाहेर काढले जाते. ही सून रोज घरातले दिवे घासायची, वाती सारख्या करायची, स्वतः लावायची. ती गेली आणि ते थांबले. अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा झाडाखाली थांबला असता, गावातले सगळे दिवे झाडावर जमून आपापल्या घरचे कौतुक सांगताना त्याला ऐकू येतात. राजाघरचा दिवा तेवढा रडवेला असतो. त्याच्या तोंडून खरे काय ते राजाला कळते आणि सून मेण्यात बसून परत येते.

या कहाणीतली सून काही सोवळी, निर्दोष बाई नाही. ती चोरून खाते, खोटेही बोलते. तरी तिच्या बाजूने साक्ष उभी राहते ती तिच्या रोजच्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या कामाची. सासू-सासरे, नवरा, दीर यांपैकी कुणालाही ते काम दिसले नव्हते. रोजच्या छोट्या विधीचा एवढा नेमका अर्थ आम्हाला दुसरीकडे क्वचितच सापडला. माणसाचे प्रेम, कृतज्ञता, भीती या गोष्टी मनात फार वेळ टिकत नाहीत. हाताला रोज ठरल्या वेळी थोडे काम मिळाले, तरच त्या टिकतात.

खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकापुढचा नंदादीप 1892 पासून अखंड तेवतो आहे, असे सांगतात. अष्टविनायकाची यात्रा करणारे तो पाहून हात जोडतात. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्यात तेल घालणारे, वात पुढे सरकवणारे हात मात्र कितीतरी पिढ्यांचे असतील, आणि त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

देवावर विश्वास असलाच पाहिजे, असेही नाही. खोपोलीच्या वीजकेंद्रातून 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांकडे वीज गेली. पुढे घराघरांत बल्ब आला, तरी संध्याकाळी बटण दाबल्यावर हात जोडणारी माणसे आजही आहेत. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणणारी घरे आहेत. पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये चढताना दाराच्या दांडीला हात लावून तो कपाळाला नेणारा माणूस शंभर किलोमीटरवरच्या सीएसएमटीला जाऊन संध्याकाळी सुखरूप परत यायचे म्हणत असतो. त्याला अंधश्रद्ध म्हणणे आम्हाला उर्मटपणाचे वाटते.

2023 मध्ये ही अवस 17 जुलैला होती. दोन दिवसांनी, 19 जुलैच्या रात्री, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथके डोंगर चढून पायी गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे मिळालीच नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी पुढे नवी घरे बांधली गेली, ते आवश्यकच होते. पण चुलीची जागा, दाराशी दिवा ठेवायचा कोनाडा, गेलेल्यांच्या नावाने पान वाढायची जागा यांचा हिशेब पुनर्वसनाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. दुःखालाही टेकायला एक ठिकाण आणि एक वेळ लागते. ज्यांना माती द्यायलाही माणूस हाती आला नाही, त्यांना ते कुणी दिले?

आणखी एक बोलायचे राहते. दिवे घासायचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या सुनांवर टाकले आणि मान देताना विधवांना बाजूला ठेवले. स्वतःच्या मनाने केलेला विधी माणसाला बळ देतो, तोच दुसऱ्याच्या हुकमाने केला की नुसते ओझे होतो. म्हणून आज घरातल्या पुरुषांनी चिंच आणि राख घेऊन मोरीशी बसावे, मुलांना शेजारी बसवावे. हळदकुंकू घरातल्या प्रत्येक बाईने दिव्यांना वाहावे. बाहेरगावाहून आलेल्यांनी अंधार पडण्याआधी धबधब्यांवरून खाली उतरावे. आणि पाटावर दिवे मांडताना एक दिवा इर्शाळवाडीतल्या न सापडलेल्या 57 जणांसाठी मांडावा, या वर्षी आणि पुढच्या प्रत्येक अवसेला.