शेतातली हुमणी, ओंडक्यातली पाहुणी

मुलांनो, निपाणीकडे ज्यांच्या घरी ऊस आहे, त्यांना हुमणी वेगळी सांगायला नको. उसाची मुळं कुरतडणारी ती पांढरी, वाकडी अळी दिसली की आजोबा वेचून मारतात. बरोबरच आहे ते.

पण तशीच अळी खानापूर-जांबोटीच्या रानात कुजक्या ओंडक्यात दिसली, तर जरा थांबा. ती स्टॅग बीटलची असू शकते. पश्चिम घाटात या भुंगेऱ्यांपैकी ओडोंटोलॅबिस गटातले आढळतात. नराचा जबडा सांबराच्या शिंगांसारखा पुढे आलेला असतो. तो खाण्यासाठी नव्हे, दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी!

ही अळी उभ्या पिकाच्या वाटेला जात नाही. बुरशीने मऊ झालेलं लाकूड खाते आणि त्याची माती व्हायला मदत करते. वाढायला तिला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात.

सुट्टीत गावी गेलात, की आजीला एवढंच सांगा, "परड्यातला एक कुजका ओंडका तसाच राहू दे." बंबात तो एका सकाळीत जळून जाईल, आतल्या अळीची सगळी वाढही त्याच्याबरोबर जाईल.