मोत्या, मी आणि छडी

मागच्या आठवड्यात सकाळी फिरायला गेलो होतो. मैदानाच्या कडेला एक गृहस्थ आपल्या लॅब्रॅडॉरला वर्तमानपत्राच्या सुरळीने नाकावर फटके मारत होते. गुन्हा काय, तर दोरी हातातून सुटल्यावर तो पळाला आणि पाचेक मिनिटांनी परत आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तो परत आला म्हणून मार खातोय." ते म्हणाले, "काका, शिस्त लावावी लागते."

वाद घालायची हौस आता सरली आहे. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण तेच वाक्य मी स्वतः ३५ वर्षं शाळेत म्हणत आलो.

आमच्या मोत्याची गोष्ट नातेवाइकांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात नातीने हे गावठी पिल्लू फाटकापाशी भिजताना पाहिलं आणि उचलून घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी त्याने दिवाणखान्यात घाण केली. अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं! मी त्याचं नाक त्या जागेपाशी नेलं आणि एक धपाटा घातला. दोन-तीन दिवस हेच चाललं. मग घाण बंद झाली आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. आठवड्याने सोफ्यामागून वास येऊ लागला. नात म्हणाली, "आजोबा, तो घरात करायचा थांबलेला नाही. फक्त तुमच्यासमोर करायचा थांबलाय."

इतक्या वर्षांच्या शिक्षकाला बारा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात धडा दिला.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं सुरू केलं. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं. तिथे काम झालं की त्याच क्षणी कौतुक आणि उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा. क्षण महत्त्वाचा. घरी येऊन दिलं तर त्याला वाटणार, घरी आल्याबद्दल मिळालं. आत चुकलं तर न बोलता पुसून टाकायचं. तीन आठवड्यांत सोफ्यामागचा वास गेला.

यात चमत्कार काही नाही. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की ज्या कृतीने समाधान मिळतं ती पुन्हा पुन्हा केली जाते. पुढे स्किनरने हा अभ्यास बराच वाढवला. मला मात्र जास्त भावली ती कॅरन प्रायर. ही बाई हवाईत डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही आणि त्याला मारायला जावं तर तो पोहत निघून जातो! त्यामुळे उरली एक शिट्टी आणि मासे. शिट्टी वाजली की हे बरोबर केलंस, आता मासा मिळणार. डॉल्फिन याच्यावर शिकतो, तर पायाशी लोळणारं कुत्रं का नाही शिकणार? १९८४ साली तिचं 'डोंट शूट द डॉग' हे पुस्तक आलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली.

याला विरोध करणारे दोन मुद्दे नेहमी मांडतात.

पहिला, कुत्रा म्हणजे लांडगा, कळपाचा म्होरक्या कोण हे त्याला दाखवून द्यावंच लागतं. हा समज मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आला. डेव्हिड मेक या अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकाने तो दूरवर पसरला. पण त्याच मेकने १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असाच असतो. म्हणजे म्होरक्या कसला, ते कुटुंबच!

दुसरा मुद्दा, खाऊ देणं म्हणजे लाच. आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच, हे मान्य. पण काम झाल्यावर मिळतो तो मेहनताना. मी तरी ३५ वर्षं पगार न घेता शिकवलं का? आणि सवय लागली की दरवेळी तुकडा द्यावाही लागत नाही.

आणि हे लाडावणंही नव्हे. मोत्या पाहुण्यांच्या अंगावर उडी मारतो तेव्हा सगळे पाठ फिरवतात, खाली बसला की मगच त्याच्याशी बोलतात. नियम आहेच, आणि तो आम्हीही पाळायचा असतो. खरी शिस्त माणसांनाच लागते.

२०२० मध्ये पोर्तुगालमधल्या ९२ कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडावून, झटके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारलं तर आणखी एक धोका असतो. ते गुरगुरायचं सोडतं, भ्यायचं सोडत नाही. मग एक दिवस इशारा न देता चावतं, आणि आपण म्हणतो कुत्रं बेभरवशाचं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणतात. अहो, पण शेपूट सरळ करायला सांगितलंय कोणी?

आता मुख्य गोष्ट, जी लिहायची टाळत होतो.

सुरुवातीच्या त्या धपाट्यांनंतर बरेच महिने मी मोत्याला कुरवाळायला हात वर केला की तो डोळे मिटून मान आत ओढायचा. ते पाहिलं की मला एक विद्यार्थी आठवे. नाव लिहीत नाही. त्याचे पाढे कच्चे होते आणि मी त्याला छडीने पक्के करायला निघालो होतो. पाढ्यांच्या दिवशी तो शाळाच चुकवू लागला. पुढे कितीतरी वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला, चाळिशीचा गृहस्थ झालेला. पाया पडला. मी खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि त्याचे डोळे क्षणभर मिटले. मग हसून म्हणाला, "सवय, सर."

"आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो," असं माझ्या पिढीतले लोक म्हणतात. मीही म्हणायचो. पण तो मुलगा घडला तो माझ्या छडीमुळे की छडी असूनही, हे मी कशावरून ठरवू? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली मारहाण बंद केली. जनावरांना मारण्याविरुद्धचा कायदा तर १९६० चा आहे. तरी दोन्हीकडे हात उठतो, कारण मारलं की समोरचं लगेच थांबतं आणि आपल्याला वाटतं, शिकलं.

असो. मोत्या आता माझ्या हाताला भीत नाही. त्याला वर्ष लागलं. त्या विद्यार्थ्यासाठी मात्र मला असं वर्ष मिळणार नाही.

उद्या ते लॅब्रॅडॉरवाले गृहस्थ भेटले तर उपदेश करणार नाही. खिशात पनीरचे चार तुकडे ठेवीन. कुत्रा परत आला की त्यांच्याच हाताने द्यायला सांगेन.